चार आठवड्यांच्या समर कोर्समध्ये जर्मन बी2 होतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, जर्मनचं ए2 (ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्यांतली दुसरी) नुकतंच झालंय, पदवीनंतर वर्षभर नोकरी करून मास्टर्ससाठी जर्मनीला जायचा विचार आहे. एका जर्मन विद्यापीठाचा येत्या ऑगस्टमधला चार आठवड्यांचा समर कोर्स पाहून ठेवलायस, घरचे तीन लाखांपर्यंत खर्च करायला तयार आहेत. परत येईपर्यंत बी2, म्हणजे चौथी पायरी, होईल का? आणि होणार नसेल तर जाण्यात काही अर्थ आहे का?

बी2 होणार नाही. जाण्यात अर्थ आहे, पण यंदा नाही.

मी बावीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय, स्वतः दोनदा अशा कोर्सला जाऊन आलेय आणि दरवर्षी माझ्या वर्गातून दोन-चार मुलं जातात. त्यातली काही तोंडात भाषा घेऊन येतात, काही नुसते फोटो घेऊन येतात. हा फरक का पडतो, त्यावरच हे उत्तर आहे.

आधी हिशेब करू. जर्मनचे तास 45 मिनिटांचे मोजतात. ग्योटं इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्समुलर भवनाच्या, अंदाजाप्रमाणे ए2 ला पोचायला असे 200 ते 350 तास लागतात, बी1 ला 350 ते 650 आणि बी2 ला 600 ते 800. हे आकडे सुरुवातीपासूनचे आहेत, दर लेव्हलचे वेगळे नव्हेत. इंटेन्सिव्ह समर कोर्सला आठवड्याला साधारण 25 तास असतात. चार आठवड्यांचे झाले 100. तुझे आजवर 300 झालेत असं धरलं तर परत येशील तेव्हा 400 होतील. म्हणजे बी1 च्या खालच्या पायरीवर. बी2 अजून 200 ते 400 तास लांब. ‘तिथे चोवीस तास जर्मनच कानावर पडते ना’ असं सगळे म्हणतात. पडते, पण कानावर पडलेली भाषा आणि डोक्यात बसलेली भाषा यांच्यात बराच घाम असतो.

लाइपझिगच्या विद्यापीठात 1956 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक संस्था निघाली, 1961 पासून तिला हेर्डर इन्स्टिट्यूट म्हणू लागले. पूर्व जर्मनीत शिकायला आलेल्या जगभरच्या मुलांना तिथे आधी भाषा शिकवून मग आपापल्या विद्यापीठात पाठवत. राहणं जर्मनीत, शिक्षक जर्मन, दिवसभर तेच काम, तरी त्या तयारीला जवळपास एक शैक्षणिक वर्ष लागायचं. आपल्या इरावतीबाई कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या आणि जर्मनमध्ये प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांचीही त्यात दोनेक वर्षं गेली, आणि त्या इरावतीबाई होत्या.

मग समर कोर्स करतो काय? जे आधीच वहीत आहे ते तोंडात आणतो. नवं व्याकरण तिथे फार होत नाही. पण तुला डाटिव, म्हणजे जर्मनची ‘ला’ वाली विभक्ती, येतो, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेत, आणि तरीही बेकरीत ‘त्या तिळाच्या पावातले दोन द्या’ म्हणताना घशात आवंढा येतो, अशी जी अवस्था असते ती हे चार आठवडे मोडून काढतात. म्हणून वहीत काय आणि किती घेऊन जातेस यावर सगळं अवलंबून आहे. ए1 घेऊन गेलेली मुलं महिनाभर ‘माझं नाव अमुक, मी भारतातून आले’ एवढंच वेगवेगळ्या माणसांना सांगून परत येतात. ए2 वाली थोडी पुढे जातात. खरा फायदा होतो तो बी1 पक्कं करून जाणाऱ्यांना, कारण त्यांच्याजवळ भूतकाळ असतो, ‘कारण’ आणि ‘जरी’ ची वाक्यं असतात, मत मांडण्यापुरते शब्द असतात. फक्त वापरायची सवय नसते.

पहिल्या दिवशी आइनश्टुफुंग्सटेस्ट घेतात, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी. बऱ्याच ठिकाणी तिच्यात सी-टेस्ट असते: एक उतारा देतात, त्यात दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो, तो भरायचा. आपल्याकडच्या मुलांना हा प्रकार भलताच जमतो. लहानपणापासून रिकाम्या जागा भरण्यातच आयुष्य गेलंय! मग कागदावर बी2 चा वर्ग मिळतो आणि तिथे इटलीतली, पोलंडमधली मुलं भराभरा बोलत असतात. त्यांच्या चुका ढीगभर, पण थांबत नाहीत. आपलं पोर डेअर की डास, म्हणजे नामाआधीचं आर्टिकल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, याचा विचार करेपर्यंत विषय बदललेला असतो. असं झालं तर तिसऱ्या दिवसाच्या आत शिक्षकांना सांगून एक वर्ग खाली उतर. पहिल्या आठवड्यात वर्ग बदलून देतात, नंतर कटकट होते. यात कमीपणा काही नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उतरले नाही आणि दोन आठवडे भिंतीकडे बघत बसले.

आता थोडं मराठीबद्दल, कारण हे तुला तिथला शिक्षक सांगू शकणार नाही. आपल्याकडे जर्मन शिकताना बहुतेक जण इंग्रजीवरून उडी मारतात. पुस्तकं तशी, ॲप तशी, नोट्स तशा. पण कितीतरी ठिकाणी मराठीतून गेलीस तर रस्ता जवळचा आहे. ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणजे मला थंडी वाजतेय. ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘इश बिन काल्ट’ म्हणतो, म्हणजे मी थंड स्वभावाची बाई आहे अशासारखं काहीतरी. ‘मला आवडतं’ ला ‘मिअर गफेल्ट’, तिथेही ‘मला’ च. तीन वर्षांपासून पुण्यात राहते, हे मराठीत वर्तमानकाळात म्हणतो, जर्मनमध्येही वर्तमानकाळातच; गोंधळ घालते ती इंग्रजी. नेबेनझाट्समध्ये, म्हणजे गौणवाक्यात, क्रियापद शेवटी जातं म्हणून अमेरिकन मुलं रडतात. आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेलं आहे. बेचाळीसला ‘त्स्वाय-उंड-फिर्त्सिश’, दोन आणि चाळीस, आधी एकक मग दशक, अगदी आपल्यासारखं. लिंगं तीन. आणि त्यातही एक गंमत: ‘डास मेडशेन’, मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून सगळं जग हसतं. ‘-शेन’ लागलं की लहान, गोजिरं, आणि नपुंसक. आपण वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू म्हणतोच की, आणि तो वासरू असं कधी म्हणत नाही. फक्त कोणत्या वस्तूला कुठलं लिंग ते दोन्ही भाषांत जुळत नाही, तिथे पाठांतराला पर्याय नाही.

उच्चारातही एक देणगी आहे. जर्मनचा झेड म्हणजे आपला ‘चोर’ आणि ‘चांदणं’ मधला च. हिंदीवाल्यांना तो शिकवावा लागतो, तुला नुसता दाखवावा लागेल. उलट ‘इश’ मधला शेवटचा आवाज धड श नाही आणि ख तर मुळीच नाही. तो तोंडावर बसवून घ्यायला मात्र तिथला फोनेटिकचा तास चुकवू नकोस. संध्याकाळच्या फिरण्यासाठी तो तास बुडवणारे मी खूप पाहिलेत.

अडतं कुठे? आपल्याला आर्टिकलची सवयच नाही, त्यामुळे ते गळतं. आणि मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं, ते आपण तिसऱ्या जागी नेतो: ‘हॉयटं इश गेहं’, आज मी जाते. शंभर वेळा चुकतं. ‘हॉयटं गेहं इश’ हे घोकून नाही, रोज बोलूनच बसतं.

घड्याळाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘हाल्ब फिअर’ म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. चौथ्या तासातला अर्धा, असा हिशेब. हे विचित्र वाटतं, पण आपला ‘अडीच’ तसाच आहे, संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ पासून आलेला, तिसऱ्यातला अर्धा. जुन्या पाढ्यांतली औटकी आजोबांकडून ऐकली असशील. औट म्हणजे साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’. म्हणजे ‘हाल्ब फिअर’ हा शब्दशः आपला औट. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे आणखी पुढे जातात: ‘फिअर्टल फिअर’ म्हणजे सव्वातीन. लाइपझिगला असताना एका प्राध्यापकांनी मला या वेळी भेटायला बोलावलं होतं. मी मनात ‘पाव कमी चार’ असा अर्थ लावून पावणेचारला ऐटीत पोचले. दार बंद. दुसऱ्या दिवशी त्यांची क्षमा मागताना जे जर्मन बोलले ते त्या महिन्यातलं माझं सर्वांत अस्खलित जर्मन होतं.

कोर्सचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच. सकाळी नऊच्या सुमारास सुरू होऊन दुपारपर्यंत भाषेचा वर्ग, मग मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवण, दुपारी साहित्य, इतिहास, सिनेमा, उच्चार असल्या विषयांचे छोटे वर्ग, शनिवारी सहल. यातला वर्गाचा भाग चांगलाच असतो, पण पुण्यातही चांगला वर्ग मिळतो. मॅक्समुलर भवनात इंटेन्सिव्ह बॅचेस आहेत, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं उत्तम शिकवतात. तेवढ्यासाठी तीन लाख घालवायला नकोत. तीन लाख आहेत ते मेन्झाच्या रांगेसाठी, होस्टेलच्या तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी कुणाला तरी ‘हे कसं चालू करायचं’ विचारण्यासाठी, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राने बाटली थुंकून बाहेर टाकली की काउंटरवर जाऊन 25 सेंटसाठी भांडण्यासाठी.

मी माझ्या मुलांना रोज एक काम लावून देते, आणि ते फोनवर न बघता, माणसाला विचारून करायचं. आज टपाल कार्यालयातून भारतात पाकीट पाठवायला किती लागतील ते विचार. उद्या औषधाच्या दुकानात जाऊन घसा दुखतोय सांग, मग तो दुखत असो वा नसो. परवा वाचनालयाचं कार्ड काढ. रात्री त्या संभाषणातली तीन वाक्यं लिहायची: मी काय म्हणाले, समोरचा काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं. या तिसऱ्या वाक्यातून जेवढं शिकून होतं तेवढं कुठल्याही पुस्तकातून होत नाही. माझ्या पाहण्यात पहिला आठवडा डोकेदुखीत जातो, अक्षरशः, संध्याकाळी कपाळ ठणकतं. दुसऱ्या आठवड्यात वर्गातलं सगळं कळतं आणि बसमधलं काहीच कळत नाही, तेव्हा मुलं फोन करून रडतात. तिसऱ्या आठवड्याच्या मध्यात कधीतरी, विचार न करता एखादं वाक्य निघून जातं आणि मागाहून लक्षात येतं की आर्टिकलसुद्धा बरोबर होतं. आणि मग आठच दिवस उरलेले असतात. जमत असेल तर सहा आठवड्यांचा कोर्स घे, चारचा नको, असं मी म्हणते ते याचसाठी.

सगळ्यात मोठा खड्डा इंग्रजीचा आणि त्याच्या शेजारचा मराठीचा. वर्गातली बाकीची मुलंही परदेशीच असतात. ब्राझीलची मुलगी, कोरियाचा मुलगा आणि तू कॉफी प्यायला बसलात की पाच मिनिटांत इंग्रजी सुरू. तुझं जर्मन अडखळलं की दुकानदारसुद्धा कनवाळूपणे इंग्रजीवर येतो. बर्लिनमध्ये तर फारच. आणि पुण्याच्या दोन मैत्रिणी सोबत गेल्या की संपलंच, महिनाभर होस्टेलच्या स्वयंपाकघरात पोहे आणि गप्पा. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजची भाषाशाळा यावर एकच उपाय करते. तिथे 1915 मध्ये लिलियन श्ट्रोबं या बाईंनी उन्हाळी जर्मन शाळा सुरू केली. आज तिथे विद्यार्थ्यांकडून सही करून घेतात की कोर्स संपेपर्यंत शिकतोय त्या भाषेशिवाय दुसरी बोलणार नाही. जेवताना, खेळताना, खोलीतसुद्धा. म्हणजे जर्मनीपासून हजारो मैलांवर, अमेरिकेच्या खेड्यात, मुलं बर्लिनमधल्यापेक्षा जास्त जर्मन बोलतात. गंमत आहे, पण खरं आहे. त्या शाळेची फी आपल्या आवाक्यातली नाही. ती शपथ मात्र फुकट आहे. वर्गातल्या एका-दोघांशी पहिल्याच दिवशी ठरवून टाक: आपल्यात इंग्रजी नाही. घरी फोन रात्री वीस मिनिटं, बस. आईला वाईट वाटेल, तिला आधीच सांगून ठेव.

म्हणूनच गाव लहान निवड. येना, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग अशी विद्यापीठाची गावं. शहराएवढंच विद्यापीठ, चालत सगळीकडे जाता येतं, तेच दुकानदार रोज भेटतात आणि आठवडाभरात ओळख दाखवतात. बोलीची फार चिंता करू नकोस. फ्रायबुर्गच्या बाजाराची बोली पहिल्या दिवशी कळणार नाही, सॅक्सनीतली तर तुला वेगळीच भाषा वाटेल, पण वर्गात आणि विद्यापीठात प्रमाण जर्मनच असते. व्हिएन्ना सुंदर आहे, तिथेही चांगले कोर्स आहेत. फक्त टोमॅटोला आणि बटाट्याला तिथे वेगळे शब्द आहेत आणि परत येऊन ते परीक्षेत लिहिलेस की मी विचारणार, कुठे होतीस.

आता यंदा का नको ते. एक, लेव्हल. दुसरं, तारखा. जर्मन विद्यापीठांच्या उन्हाळी सेमिस्टरचे वर्ग जुलैच्या मध्याच्या सुमारास संपतात, त्यामुळे हे कोर्स मुख्यतः जुलैच्या उत्तरार्धात, ऑगस्टमध्ये, काही सप्टेंबरमध्ये असतात. आपल्या सुट्ट्या मे-जूनमध्ये. ऑगस्टमध्ये तुझं चौथं वर्ष सुरू झालेलं असणार. हजेरी, सबमिशन्स, आणि कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम नेमका तेव्हाच. पुढच्या ऑगस्टला पदवी हातात असेल. नोकरी मिळाली तर रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे ढकलून मिळते का ते आधीच विचारून ठेव. बऱ्याचदा मिळते.

डाड (DAAD) ही परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी जर्मन संस्था समर कोर्ससाठी शिष्यवृत्ती देत आलीय; तुझ्या वेळी ती चालू आहे का ते आधी बघ. अर्जाची मुदत साधारणपणे आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे ऑगस्टचा विचार दिवाळीतच करावा लागतो. अर्जाला भाषेचं प्रमाणपत्र लागतं आणि स्पर्धा असते. पदवी संपल्यावर त्यांच्या लेखी तू विद्यार्थिनी उरतेस का, ही अट अर्ज भरण्याआधी वाच, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाईल. व्हिसाचं सोपं आहे: 90 दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेन, म्हणजे युरोपचा थोड्या मुदतीचा, व्हिसा पुरतो, त्याला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. शेंगेनवर जाऊन तिथल्या तिथे तो विद्यार्थी व्हिसात बदलून मिळत नाही. ‘कोर्स करतो आणि तसाच मास्टर्सला थांबतो’ हा बेत घेऊन दरवर्षी कुणीतरी माझ्याकडे येतंच.

कोर्सच्या शेवटी जो कागद मिळतो तो हजेरीचा आणि फार तर क्रेडिटचा असतो. जर्मन माध्यमातल्या मास्टर्सच्या प्रवेशाला तो चालत नाही. तिथे टेस्टडाफ, डीएसएच किंवा त्या तोडीची परीक्षाच लागते. इंग्रजी माध्यमातला कोर्स घेणार असशील तर तेवढं अडणार नाही, पण मग इंटर्नशिप शोधताना अडेल.

परत आल्यानंतरचे दोन-तीन महिने मुलं वाया घालवतात. विमानतळावर उतरताना जीभ सैल झालेली असते, गणपती होतात, दिवाळी होते, आणि डिसेंबरमध्ये माझ्यासमोर बसून ‘मॅडम, सगळं गेलं हो’ म्हणतात. त्यामुळे जायच्या आधीच परत आल्यावरच्या बी2 च्या बॅचमध्ये नाव घालून ठेव, आणि तिथे भेटलेल्या कुणाशी तरी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचं ठरवून ये. त्या ब्राझीलच्या मुलीशी ठरलं तर उत्तमच. तिलाही तेच हवं असतं.

तर येत्या ऑगस्टचे पैसे राहू देत. आत्ताच बी1 च्या बॅचला बस, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागेल म्हणून परीक्षेची तारीख ऑक्टोबरची धर, डिसेंबरची नको. निकाल आणि प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो, आणि नोव्हेंबरात जागा मिळेलच असं नाही. तोवर घरातल्या प्रत्येक वस्तूला आर्टिकलची चिठ्ठी चिकटव. आमच्या फ्रीजवरची वीस वर्षं झाली तरी निघालेली नाही.